दुर्गाबाई देशमुख : घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेले समाजकल्याण

नवी दिल्ली : कौटुंबिक हिंसाचार हा घरातला खासगी मामला मानला जाण्याच्या काळात सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांना एकत्र आणणारी व्यवस्था उभारण्याचे श्रेय दुर्गाबाई देशमुख यांच्याकडे जाते.

१५ जुलै १९०९ रोजी राजमहेंद्री येथे जन्मलेल्या दुर्गाबाईंचा विवाह आठव्या वर्षी झाला. जाणत्या वयात त्यांनी तो नाकारला आणि वडील व भाऊ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. असा आधार तेव्हा फार थोड्या मुलींच्या वाट्याला येत असे. मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगल्यानंतर त्यांनी शिक्षण पूर्ण केले, १९३७ मध्ये मद्रासला आंध्र महिला सभा स्थापन केली आणि पुढे वकिलीही केली. संविधान सभेच्याही त्या सदस्य होत्या.

ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. निधी सरकारचा, काम मात्र गावोगावच्या संस्थांचे, अशी मंडळाची रचना होती. संकटातील स्त्री कचेरीची पायरी सहसा चढत नाही. ओळखीच्या कार्यकर्तीपाशी मात्र ती बोलते. या रचनेचे खरे बळ तेथेच होते.

१९५३ मधील चीन दौऱ्यात त्यांनी तेथील कौटुंबिक न्यायालयांचा अभ्यास केला. परतल्यावर पंडित नेहरू तसेच मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी त्यांनी या कल्पनेवर चर्चा केली. कायदा होण्यास मात्र तीन दशके लागली. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. कुटुंब न्यायालय अधिनियम संमत झाला तो १९८४ मध्ये. समाजकल्याण संस्थांना न्यायालयाशी जोडून घेण्याची आणि समुपदेशक नेमण्याची तरतूद त्यात आहे. मंडळाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली कुटुंब समुपदेशन केंद्रेही त्याच दशकात सुरू झाली.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने सरकारी संरक्षण अधिकाऱ्यासोबत नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांनाही अधिकृत स्थान दिले. पीडितेच्या इच्छेनुसार घटनेचा अहवाल नोंदवून तो दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे, तिची वैद्यकीय तपासणी करवून घेणे आणि तिला आश्रयगृहात निवारा मिळवून देणे, हे अधिकार आता त्यांच्याकडे आहेत.