कै. केरूनाना छत्रे

संगणक हा शब्द उच्चारतांच आज लहान मुलाच्याही डोळ्यांपुढें यंत्र उभें राहतें. परंतु शंभर वर्षांपूर्वीं कॉम्प्युटर हें इंग्रजी नांव माणसाचें होतें. वेधशाळेंत बसून तासन् तास आंकडेमोड करणारा गणिती, तो कॉम्प्युटर. असा एक थोर गणक आपल्या जिल्ह्यानें महाराष्ट्रास दिला. ते केरो लक्ष्मण छत्रे, लोकांच्या तोंडीं केरूनाना.

अलिबागेजवळ नागांव येथें १८२५ सालीं त्यांचा जन्म झाला. आईबाप लवकरच अंतरल्यामुळें चुलते बापू छत्रे, मराठी बालवाङ्मयाचे आद्य लेखक, यांनीं मुंबईस त्यांचा सांभाळ केला. प्रो. आर्लिबार यांच्या हाताखालीं गणित शिकून १८४० मध्यें, अवघ्या पंधराव्या वर्षीं, ते कुलाब्याच्या वेधशाळेंत दरमहा ५० रुपयांवर लागले. चुंबकत्व व हवामान यांचीं मापें ठराविक वेळीं टिपावयाचीं, असें तें काम. ह्याच वेधशाळेचें चुंबकीय काम पुढें १९०४ मध्यें, मुंबईंतील विजेच्या ट्रामींमुळें, अलिबागेस आलें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

त्या काळीं पंचांगें ‘ग्रहलाघवा’वरून होत. त्याचे कर्ते गणेश दैवज्ञही आपलेच, रोह्याशेजारच्या मुरूड तालुक्यांतील नांदगांवचे. शके १४४२ (१५२०) मध्यें त्यांनीं ज्या-कोटिज्यांच्या खटपटीवांचून ग्रह काढण्याची अशी सुटसुटीत रीति बसविली कीं, जोशी ती शतकानुशतकें सोडीनात. परंतु घड्याळ कितीही उत्तम असलें तरी तीनशें वर्षें न लावतां बरोबर कसें चालावें? गणितागत ग्रह व आकाशांतील ग्रह यांत अंतर पडूं लागलें.

इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) यांस छापील कोष्टकांतील चुकांचा असाच उबग आला होता. कोष्टकें यंत्राकडूनच करवावीं, ह्या ध्यासांत त्यांचें आयुष्य गेलें, पण तें मोठें यंत्र त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. केरूनानांपाशीं तर लेखणी व कागद एवढेंच साधन. यूरोपीय ज्योतिषांचीं नवीं मानें घेऊन त्यांनीं १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हा ग्रंथ मराठींत सिद्ध केला. इष्ट दिवसाचे आंकडे कोष्टकांतून काढावे, बेरीज करावी, संस्कार द्यावे, कीं ग्रह हातीं आला!

आबासाहेब पटवर्धनांच्या साह्यानें शके १७८७ (१८६५) पासून त्यांनीं नवें ‘पटवर्धनी’ पंचांग काढिलें, आणि खरी अडचण येथेंच उभी राहिली. पेणच्या मूर्तिकारांस विचारा. अधिकमास आला म्हणजे गणेशचतुर्थी सुमारें १९ दिवस पुढें जाते, एरव्हीं ११ दिवस अलीकडे येते. नानांनीं राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या तार्‍यापासून धरिल्यामुळें कांहीं वर्षीं त्यांचा अधिकमास रूढ पंचांगाहून निराळा येई, म्हणजे दोन शेजार्‍यांचे गणपति महिन्याच्या अंतरानें बसावयाचे! लोक बिचकले, व पंचांग थोड्यांनींच स्वीकारिलें. गणिताची चूक दाखविणें सोपें, चालत आलेला सण हालविणें फार कठीण.

१८५१ पासून नाना पुण्यास अध्यापक होते. पुढें डेक्कन कॉलेजांत ते गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत. १८७९ मध्यें ते निवृत्त झाले व १८८४ मध्यें वारले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. पंचांगशोधनाचें काम त्यांनीं पुढें चालविलें, आणि त्यांच्या नांवाचें पंचांग रेवतीचाच आरंभ धरितें. दोन्ही पंचांगांचा अधिकमास जुळत नाहीं त्या वर्षीं कोंकणांतील कांहीं घरांत आजही गणपति निराळ्या महिन्यांत येतो.