कुलूपबंद गॅरेज आणि एत्तोरे बुगाटी



कल्पनाप्रधान निबंध म्हटलं की आपण मुलांना नेहमीचेच विषय देतो. मी पंतप्रधान झालो तर, परीक्षा नसत्या तर, सूर्य उगवला नाही तर. या वेळी एक वेगळा विषय देऊन पाहा : वर्षानुवर्षं कुलूप असलेलं जुन्या मोटारींचं एक दुकान तुम्हाला सापडलं तर?

मुलं खूश होतात. गंजलेलं कुलूप, कोळ्यांची जाळी, धुळीखाली लपलेली लाल गाडी, सगळं रंगवून लिहितात. पण निबंध तिथेच अडतो. गाडी सापडली, विकली, श्रीमंत झालो, संपलं. निबंध पुढे न्यायचा असेल तर मुलांना एक प्रश्न विचारावा लागतो : ही गाडी बनवली कोणी, आणि ती अशी पडून का राहिली? त्यासाठी आज आपण एका माणसाचं चरित्र पाहू. जगात जिथे कुठे जुनी बंद गॅरेज उघडली जातात, तिथे लोकांना या माणसाची गाडी सापडावी असं स्वप्न पडतं. त्यांचं नाव एत्तोरे बुगाटी.

खरंच सापडलेल्या गाड्या

आधी एवढं सांगू की हे स्वप्न अगदीच हवेतलं नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल परिसरातल्या एका डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये १९३७ सालची बुगाटी जवळपास अर्धं शतक उभी होती. डॉक्टरांच्या निधनानंतर नातेवाइकांनी गॅरेज उघडलं. २००९ साली पॅरिसच्या लिलावात ती ३४ लाख युरोंना गेली. त्याच वर्षी मॅजिओरे सरोवराच्या तळातून दुसरी एक बुगाटी वर काढली. सत्तरएक वर्षं पाण्यात राहून ती निम्मीअधिक गंजून गेली होती, तरी तिलाही लाखो युरोंची किंमत आली. गंजलेल्या लोखंडाला एवढा भाव का? उत्तर त्या माणसाच्या आयुष्यात आहे.

कलावंतांच्या घरातला मुलगा

एत्तोरे यांचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ रोजी इटलीतल्या मिलान शहरात झाला. वडील कार्लो बुगाटी हे नावाजलेले फर्निचर कलावंत. आजोबाही शिल्पकाम करणारे, आत्याचे यजमान जोव्हान्नी सेगान्तिनी हे प्रसिद्ध चित्रकार. धाकटा भाऊ रेम्ब्राँ. चित्रकाराच्या नावावरून नाव मिळालेला हा मुलगा पुढे प्राण्यांची शिल्पं करणारा मोठा शिल्पकार झाला.

अशा घरात मुलाने काय व्हावं हे जन्माआधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे नाही का, डॉक्टरच्या घरात डॉक्टर आणि वकिलाच्या घरात वकील! एत्तोरे यांनीही कलेचं शिक्षण सुरू केलं. पण धाकट्या भावाच्या हातातली कला आपल्यापेक्षा वरची आहे, हे त्यांनी ओळखलं आणि ती वाट सोडली, असं सांगतात. सतराव्या वर्षाच्या आसपास ते मिलानच्या प्रिनेत्ती आणि स्तुक्की या सायकली आणि तीनचाकी बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागले. हातांना ग्रीस लागलं आणि गडी रमला.

१९०१ साली मिलानच्या प्रदर्शनात त्यांनी स्वतः आखलेली मोटार मांडली आणि तिला बक्षीस मिळालं. ते पाहून आल्सासमधल्या द दीत्रिश या मोठ्या कंपनीने त्यांना काम देऊ केलं. पण एक अडचण आली. एत्तोरे कायद्याने अजून सज्ञान नव्हते, म्हणून करारावर वडिलांना सही करावी लागली.

पालकहो, इथे क्षणभर थांबा. कार्लो यांची सगळी हयात लाकूड, हस्तिदंत आणि चामड्याच्या नक्षीत गेली होती. मुलगा धूर सोडणाऱ्या यंत्रांच्या मागे लागला होता आणि त्या काळी मोटारीच्या धंद्याला भविष्य आहे की नाही हेही कोणाला ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी सही केली.

मोल्सहाइमचा कारखाना

पुढची काही वर्षं एत्तोरे यांनी निरनिराळ्या कंपन्यांसाठी गाड्या आखल्या. जर्मनीत कोलोनला नोकरी करत असताना घराच्या तळघरात त्यांनी स्वतःसाठी एक छोटी, हलकी गाडी बांधली. १९०९ साली नोकरी सोडून आल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावी, रंगाईच्या जुन्या कारखान्याच्या जागेत त्यांनी स्वतःचा कारखाना सुरू केला. आल्सास तेव्हा जर्मनीत होतं, पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे आलं. माणूस इटालियन, जागा जर्मन आणि गाडी पुढे ओळखली गेली फ्रेंच म्हणून. इतिहासाच्या तासाला हे उदाहरण जरूर वापरा.

त्या काळी वेगवान गाडी म्हणजे अवजड गाडी, मोठं इंजिन म्हणजे जास्त वेग, असा समज होता. एत्तोरे उलट बाजूने गेले. वजन कमी करा, प्रत्येक भाग नेमका करा, मग छोटं इंजिनही पळतं. १९११ साली फ्रान्समधल्या ल मान्स इथल्या शर्यतीत त्यांची जेमतेम १.३ लिटर इंजिनाची गाडी कितीतरी पटींनी मोठ्या इंजिनाच्या फियाटच्या पाठोपाठ दुसरी आली. बघणारे चक्रावले.

१९२४ साली आलेल्या टाइप ३५ या गाडीने तर त्यांचं नाव घरोघरी नेलं. सिसिली बेटावरच्या डोंगरी रस्त्यांवर होणारी तार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं जिंकली. १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्रीही बुगाटीचीच. चेकोस्लोव्हाकियाच्या एलिष्का युन्कोव्हा यांनी १९२८ च्या तार्गा फ्लोरिओत ही गाडी चालवत नामांकित पुरुष चालकांना मागे टाकून काही काळ आघाडी घेतली होती. मुलींच्या वर्गात हे नाव मुद्दाम सांगा.

एत्तोरे यांना घोड्यांचं वेड होतं. आपल्या गाड्यांकडेही ते अस्सल जातिवंत घोड्यासारखं पाहत. कारखान्याच्या आवारात तबेला होता, गाडी घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना उतरायला खास निवास होता. इंजिनाचा जो भाग कोणाला कधी दिसणारही नाही, तोही हाताने घासून चकचकीत केलेला असे. वडिलांच्या कार्यशाळेतली नक्षी अशी लोखंडात उतरली. मुलाने घराण्याची वाट सोडली असं जे वाटत होतं, ते तितकंसं खरं नव्हतं.

न खपलेली राजेशाही गाडी

आता त्यांच्या मोठ्या अपयशाकडे येऊ. १९२६ साली एत्तोरे यांनी जगातली सर्वांत भव्य गाडी करायला घेतली. टाइप ४१, लोक तिला रोयाल म्हणतात. आज आपल्या दारातल्या छोट्या मोटारीचं इंजिन साधारण १.२ लिटरचं असतं, रोयालचं होतं १२.७ लिटरचं! गाडीची लांबी सहा मीटरच्या वर. बॉनेटच्या टोकावर मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती. तो हत्ती धाकट्या भावाच्या शिल्पावरून घेतलेला होता. रेम्ब्राँ यांनी १९१६ साली, ऐन युद्धात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी आपलं आयुष्य संपवलं होतं. दहा वर्षांनी भावाने त्यांची आठवण आपल्या सर्वांत देखण्या गाडीच्या माथ्यावर ठेवली.

बेत पंचवीस गाड्यांचा होता. पण १९२९ साली जागतिक मंदी आली. राजेरजवाड्यांसाठी काढलेली ही गाडी एकाही राजाच्या दारात उभी राहिली नाही. सगळ्या मिळून सात गाड्या तयार झाल्या आणि गिऱ्हाइकांनी विकत घेतल्या फक्त तीन.

कारखान्यात प्रचंड इंजिनं पडून होती. कोणीही कपाळाला हात लावला असता. एत्तोरे यांनी ती इंजिनं रेल्वेगाडीला जोडली. १९३३ पासून बुगाटीच्या वेगवान मोटरगाड्या फ्रान्सच्या रुळांवर धावू लागल्या. १९३४ साली त्यांतल्या एकीने ताशी १९६ किलोमीटरचा वेग गाठला. अशा ऐंशीहून अधिक गाड्या बनल्या आणि कारखान्याला कठीण काळात काम मिळालं. राजांसाठी केलेल्या इंजिनावर सामान्य प्रवासी बसून गेले.

बाप आणि मुलगा

थोरला मुलगा जाँ हा एत्तोरे यांचा उजवा हात. जन्म १९०९ चा, म्हणजे कारखान्याच्याच वयाचा. विशीतच तो गाड्यांच्या बॉडी आखू लागला. १९३४ ची टाइप ५७ ही त्याचीच. १९३६ साली कारखान्यात कामगारांचा संप झाला. आपल्या माणसांनी आपल्याविरुद्ध उभं राहावं हे एत्तोरे यांच्या जिव्हारी लागलं. ते पॅरिसला निघून गेले आणि मोल्सहाइमचा कारभार जाँवर पडला. त्याच्या हाताखाली बुगाटीने १९३७ आणि १९३९ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

जाँला स्वतः शर्यतीत उतरायचं होतं. वडिलांनी बंदी घातली होती, जिवाच्या भीतीने. पण गाडी तपासण्यासाठी चालवणं हे कामच होतं. ११ ऑगस्ट १९३९ रोजी संध्याकाळी कारखान्याजवळच्या रस्त्यावर तो ल मान्स जिंकलेलीच गाडी तपासत होता. अचानक एक सायकलस्वार समोर आला. त्याला वाचवायला जाँने गाडी वळवली आणि ती झाडावर आदळली. जाँ तीस वर्षांचा होता.

तीन आठवड्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. मोल्सहाइम जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि कारखाना दडपणाखाली विकावा लागला. युद्ध संपल्यावर फ्रेंच सरकारने तो जप्त केला. आधी शत्रूने घेतला, मग आपल्यांनी. एत्तोरे कोर्टात लढले. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तोवर ते अंथरुणाला खिळले होते. २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. दोरलिसहाइमच्या दफनभूमीत, जाँ आणि इतर घरच्यांजवळ, त्यांना ठेवलं आहे.

भिंतीमागची आणि भंगारातली

न खपलेल्या तीन रोयाल युद्धकाळात बुगाटी कुटुंबाने पॅरिसजवळच्या एर्मनोंव्हील इथल्या घरी भिंत बांधून तिच्यामागे लपवल्या होत्या. त्यांतली एक १९८७ साली लंडनच्या लिलावात ५५ लाख पौंडांना विकली गेली. जिवंतपणी तिला गिऱ्हाईक नव्हतं.

विकल्या गेलेल्या तिघींपैकी एक जर्मनीतल्या डॉक्टरांची. ती त्यांच्याबरोबर देशोदेशी फिरत न्यूयॉर्कला पोचली. तिथल्या हिवाळ्यात पाणी गोठून इंजिन तडकलं आणि गाडी गेली भंगाराच्या वखारीत. जनरल मोटर्समधले अभियंते चार्ल्स चेन यांना ती तिथे सापडली. काहीशे डॉलर मोजून त्यांनी ती घेतली, खपून दुरुस्त केली आणि पुढे हेन्री फोर्ड संग्रहालयाला देऊन टाकली. विकून श्रीमंत होता आलं असतं की! मुलांच्या निबंधाचा नेहमीचा शेवट त्यांनी बदलला.

फ्रान्समधल्या म्यूलूझ शहरात तर १९७७ साली कापडगिरणीच्या संतापलेल्या कामगारांनी गिरणीची एक बंद इमारत ताब्यात घेतली. आत काय निघालं? चारशेहून अधिक जुन्या गाड्या, त्यांत शंभरावर बुगाटी. मालक श्लुम्फ बंधूंनी कामगारांच्या घामाचा पैसा गुपचूप या छंदात घातला होता. आज तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. बंद दरवाजा उघडल्यावर आत फक्त खजिना असतो असं नाही, कोणाचा तरी हिशेबही असतो.

वर्गात चर्चेसाठी

१. कार्लो यांनी सही केली नसती तर काय झालं असतं?
२. मुलाच्या काळजीपोटी घातलेली बंदी आणि मुलाची आवड, यांत मार्ग कसा काढाल?
३. रोयाल हे अपयश होतं का? रेल्वेचा विचार करून उत्तर द्या.
४. गाडी तुम्हाला सापडली तर ती कोणाची मानाल? विकाल, ठेवाल की संग्रहालयाला द्याल? कारण लिहा.

आणि निबंधासाठी एक धागा. जाँने आखलेल्या अटलांटिक नावाच्या फक्त चार गाड्या बनल्या. तीन कुठे आहेत ते ठाऊक आहे. चौथी, काळ्या रंगाची, जाँची स्वतःची, युद्धाच्या सुमारास दिसेनाशी झाली ती आजवर सापडलेली नाही. मुलांना एवढंच सांगा आणि वह्या उघडायला लावा.