न सापडलेलं विष

लक्ष्मीबाई कर्वे हे नाव आजच्या मुलींनी ऐकलेलं नसेल. पण त्यांच्या खुनाचा खटला चालला तेव्हा पुण्या-मुंबईत घरोघरी त्याचीच चर्चा होती.

माहेरच्या इंदुमती. १९२२ साली पुण्यातले व्यावसायिक अनंत कर्वे यांच्याशी लग्न झालं. बिजवर होते ते. १९४५ साली कपाळाचं कुंकू पुसलं गेलं. घर होतं, पैसा होता, पण पाठीशी माणूस नव्हतं. १९५४ मध्ये एक मुलगा गेला, दुसरा नोकरीनिमित्त लांब. त्यात मधुमेहाचं दुखणं. आधार वाटावा असा एकच माणूस जवळ उरला, त्यांच्याच वाड्यात भाड्याने राहणारा डॉ. अनंत चिंतामण लागू.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून त्या याच लागूबरोबर गाडीत बसल्या. पहाटे बोरीबंदरला गाडी पोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात लागूने त्यांचं माहेरचं नाव सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी प्राण सोडला. लागू पुण्याला परतला आणि मृतदेह बेवारस म्हणून जे. जे. मध्ये गेला.

पुढे नातलगांना पत्रं येऊ लागली. बाई तीर्थयात्रेला गेल्यात, मग म्हणे दुसरं लग्न करून जयपूरकडे राहिल्यात! इकडे त्यांच्या सह्या करून मालमत्ता मात्र लागूकडे सरकत होती. घरच्यांना संशय आला, त्यांनी तक्रारी केल्या. मार्च १९५८ मध्ये लागूला अटक झाली.

आता विज्ञानाची कसोटी लागली. शवविच्छेदन कित्येक दिवस उशिरा झालेलं, रासायनिक तपासणीत विष सापडलेलंच नव्हतं. पण मृतदेहाचा फोटो होता, त्यावरून ओळख पटली. खोट्या सह्या, खोटी पत्रं, रुग्णालयात सांगितलेलं नाव, सगळे धागे एकत्र आले. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. तीनपैकी एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. पण विष सापडलं नाही तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो, हे या निकालाने ठरवून दिलं. १९५७ साली इंग्लंडमध्ये मात्र एका नवऱ्याने बायकोला टोचलेलं इन्सुलिन शास्त्रज्ञांनी तिच्या शरीरातून शोधून काढलं होतं. नमुने वेळेवर हाती आले की विज्ञान असं बोलतं.

आज डीएनए आहे, मोबाईलचं लोकेशन आहे, सीसीटीव्ही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं अशी तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलीय.

पण मैत्रिणींनो, तज्ज्ञ पोचेपर्यंत जागा जशीच्या तशी राखणं आपल्याच हातात. आपल्या पोलादपूर-महाडकडे वाडीवस्तीवर कितीतरी बायका एकट्या राहतात, घरची माणसं मुंबई-सुरतेला. एखादी सासुरवाशीण अचानक गेली, तर जमीन सारवू नका, कपडे धुऊ नका, घाईने सरण रचू देऊ नका. आधी पोलीस पाटलाला कळवा. आणि एखादी दिसेनाशी झाली, तर आलेल्या पत्रावर किंवा मेसेजवर विसंबू नका, तिचा आवाज ऐका. लक्ष्मीबाईंबद्दल आलेल्या त्या पत्रांवर आधीच कुणी शंका घेतली असती, तर दीड वर्ष त्यांचा खुनी मोकळा हिंडला नसता.