विश्लेषण : पृथ्वीराज कपूर यांची नाटके ऑपेरा हाऊसमध्ये सकाळी का होत?

‘मुगल-ए-आझम’मधला अकबर म्हणून पृथ्वीराज कपूर घराघरांत पोहोचले. त्याच्या कितीतरी आधी गिरगावच्या प्रेक्षकांनी त्यांना रॉयल ऑपेरा हाऊसच्या दारात पाहिले होते, प्रयोग संपल्यावर झोळी पसरून उभे असलेले.

हे नाट्यगृह कसे होते?
चर्नी रोडजवळची ही बरोक शैलीतली वास्तू नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांनी उभारली. १९११ मध्ये काम पुरे होण्याआधीच पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झाले. आत सोनेरी नक्षी, रंगमंचाच्या बाजूंना बॉक्स, ससून घराण्याकडून आलेली बिलोरी झुंबरे आणि कवी-नाटककारांना मानवंदना देणारा, आठ भागांत विभागलेला घुमट. सगळ्यात कामाचे होते ते छत. अगदी वरच्या गॅलरीतही शब्द न् शब्द पोहोचावा, अशी त्याची रचना. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर इथे गाऊन गेले.

मग नाटक सकाळी का?
बोलपट आले आणि नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. ऑपेरा हाऊसही त्यातून सुटले नाही. गंमत अशी, की पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी जवळच्याच मॅजेस्टिकमध्ये लागला, तेव्हा पडद्यावर पृथ्वीराजही होते! १९४४ मध्ये त्यांनी ‘पृथ्वी थिएटर्स’ काढले, तेव्हा संध्याकाळ सिनेमाच्या ताब्यात गेली होती. नाटकाच्या वाट्याला आली ती सकाळ.

त्या सकाळी काय घडले?
१९४५ मध्ये ‘दीवार’ आले. परक्यांच्या नादी लागून दोन भाऊ घराच्या मधोमध भिंत घालतात, ही त्याची गोष्ट. फाळणी दोन वर्षांवर होती. पुढे ‘पठाण’, ‘गद्दार’, ‘आहुती’ आली. झोहरा सेहगल याच मंडळीत होत्या. शंकर तबल्यावर आणि जयकिशन हार्मोनियमवर असत. सिनेसंगीतातली ही जोडी इथेच जमली.

किंमत काय मोजली?
सिनेमातली कमाई पृथ्वीराज नाटकात ओतत. सोळा वर्षे गावोगाव दौरे झाले, अडीच हजारांवर प्रयोग झाले आणि प्रमुख भूमिका त्यांचीच. झोळीत पडलेले पैसे गरजूंसाठी जात, घरी नाही. हा हिशेब कुठल्याच धंद्यात बसणारा नव्हता. शेवटी तब्येत ढासळली, आवाजही साथ देईना. १९६० मध्ये संस्था बंद झाली. त्याच वर्षी ‘मुगल-ए-आझम’ झळकला.

पुढे काय झाले?
२९ मे १९७२ रोजी पृथ्वीराज गेले. हयातीत स्वतःचे नाट्यगृह त्यांना लाभले नाही. १९७८ मध्ये शशी आणि जेनिफर कपूर यांनी जुहूला ‘पृथ्वी’ उभे केले. तिथे झुंबर नाही, घुमट नाही; तीन बाजूंना प्रेक्षक आणि हाताच्या अंतरावर नट. ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले. २०१६ मध्ये जुनी नक्षी उजळून ते पुन्हा उघडले, आणि आता तिथे संध्याकाळीही प्रयोग होतात.