ग्रेसबाई आणि तेरा झालेला ‘बी’

मराठी माणसाला ग्रेस म्हटलं की नागपूरचे कवी आठवतात. या ग्रेस वेगळ्या. ग्रेस हॉपर, अमेरिकन नौदलातल्या रिअर अ‍ॅडमिरल. आपल्याला त्या कोबॉलपुरत्या ठाऊक, आणि रिलेत अडकलेल्या त्या पतंगापुरत्या. पतंग १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ मध्ये सापडला आणि लॉगबुकात चिकटवला गेला, हे खरं. पण ‘बग’ हा शब्द इंजिनिअर लोक त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. बाईंचं मोठं काम दुसरंच आहे.

जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६. लहानपणी गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला घरातली सात घड्याळं खोलून बसल्या! १९३४ मध्ये येलमधून गणितात पीएच.डी., सोबत व्हॅसार कॉलेजात शिकवणं. युद्ध सुरू झालं तेव्हा नौदलात जायचं ठरवलं. वय सदतिशीला टेकलेलं, वजन नियमापेक्षा कमी. तरी सूट मिळवून भरती झाल्याच. १९४४ मध्ये नेमणूक झाली ती मात्र जहाजावर नाही, हार्वर्डच्या मार्क-१ वर. ५१ फूट लांबीचं धूड, सूचना कागदी टेपवर भोकं पाडून द्यायच्या.

तिथले प्रमुख हॉवर्ड एकेन यांनी या यंत्राचं मॅन्युअल लिहायला सांगितलं. आपण कधी पुस्तक लिहिलेलं नाही, असं बाईंनी सांगून पाहिलं. पण नौदलात हुकूम तो हुकूम. रोज लिहिलेली पानं साहेबांना वाचून दाखवायची. १९४६ मध्ये पुस्तक निघालं, पाचशेहून जास्त पानांचं. (आपला प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंडिंगवाल्याकडे जायच्या आदल्या रात्री तयार होतो, असो.)

आता खरी गंमत. तेव्हा साइन काढायचं किंवा वर्गमूळ काढायचं, तर त्याचा तपासलेला कोड कुणाच्या तरी वहीत असायचा. वही मागायची, कोड उतरवायचा. आपल्या जर्नलसारखंच! पण वहीतला कोड शून्यापासून सुरू होणारा, म्हणून आपल्या प्रोग्रामात घालताना प्रत्येक पत्त्यात बेरीज करावी लागे. चांगले शिकलेले लोकही बेरीज चुकायचे, उतरवताना चुकायचे. १९४९ मध्ये बाई फिलाडेल्फियाला युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या, तिथेही तेच. मोकळ्या जागेसाठी डेल्टा लिहायचे, घाईत ४ चाच डेल्टा व्हायचा. ‘बी’चा १३ व्हायचा.

बाईंनी विचार केला, की उतरवून काढायचं काम माणसाकडे ठेवायचंच कशाला? प्रत्येक सबरूटीनला एक नंबर दिला आणि सगळी टेपवर ठेवली. प्रोग्रामरने फक्त नंबर द्यायचा, आणि कशावर काम करायचं व उत्तर कुठे ठेवायचं ते सांगायचं. यंत्र टेपवर शोधणार, कोड आणणार, पत्ते जुळवणार. हा ए-शून्य कंपायलर. १९५२ च्या मे महिन्यात पिट्सबर्गला त्यावरचा पेपर वाचला. यंत्र फक्त गणितं करतं, ते प्रोग्राम कसला लिहिणार, असंच बहुतेकांचं मत होतं. पण १९५३ मध्ये ए-२ गिऱ्हाइकांकडे गेला, सुधारणा करून परत पाठवा या निरोपासकट.

या सगळ्यात कॅटलॉग महत्त्वाचा होता. कुठला नंबर काय करतो, त्याला काय द्यायचं, कुठल्या क्रमाने, तो काय परत देतो. हे चुकलं तर कोड कितीही बरोबर असो, उपयोग शून्य.

हे मला कळलं ते परवा. रूमवर आम्ही एआय एजंटसाठी छोटं टूल केलं, प्रोजेक्टच्या कोडमधलं फंक्शन शोधून देणारं. वर्णनात मी एवढंच लिहिलं, ‘कोड शोधतो’. एजंटने त्याला फंक्शनच्या नावाऐवजी फाइलचं नाव दिलं. उत्तर रिकामं आलं. मग त्याने असं फंक्शन नाहीच असं ठरवलं आणि स्वतःच नवीन लिहून टाकलं! दोन फंक्शनं, दोन वेगळी उत्तरं, आमची रात्र गेली. ए-शून्यला अंदाज बांधता येत नव्हता. एजंटला येतो, आणि आपण जे लिहिलं नाही ते तो अंदाजाने भरतो. मग नीट लिहिलं: फंक्शनचं पूर्ण नाव द्या, फाइलचं नको, रिकामं उत्तर आलं तर या फोल्डरमध्ये नाही एवढाच अर्थ. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

बाई पुढे इंग्रजी शब्दांत लिहायच्या फ्लो-मॅटिककडे वळल्या, आणि १९५९ मध्ये सुरू झालेल्या कोबॉलवर त्याची मोठी छाप पडली. १९६६ अखेर नौदलाने निवृत्त केलं, १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले. व्याख्यानात साधारण ३० सेंटिमीटरच्या तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाते, हे हातात धरून कळावं म्हणून. १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी पुन्हा निवृत्त झाल्या, १ जानेवारी १९९२ ला गेल्या.

२०२२ मध्ये एनव्हिडियाने एआयसाठीच्या चिपच्या रचनेला हॉपर नाव दिलं. आमच्या टूलचं वर्णन सध्या अकरा ओळींचं आहे. एकाच नावाची दोन फंक्शनं असली तर काय, ते अजून लिहायचं राहिलंय.