लंडनकडची उधारी

माहीमला लेडी जमशेदजी रोडवरच्या आमच्या जुन्या चाळीत आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. ते गेल्यावर ती उघडली, तेव्हा रेशनची दोन कार्डे, भाड्याच्या पावत्या आणि दहा रुपयांची एक जुनी नोट निघाली. नोटेवर चित्र सहाव्या जॉर्जचे आणि सही चिंतामणराव देशमुखांची. मी बँकेत नुकताच अधिकारी झालो होतो. नोटेवरच्या त्या राजाचे सरकार सही करणाऱ्याच्या बँकेचे केवढे देणे लागत होते, याचा मला तेव्हा पत्ताही नव्हता.

देशमुखांचा जन्म 14 जानेवारी 1896 चा, रायगडाजवळच्या नाते गावचा. 1912 साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची शंकरशेठ शिष्यवृत्ती, केंब्रिजला निसर्गविज्ञान आणि वनस्पतिशास्त्रातले बक्षीस, 1918 साली आय.सी.एस.मध्ये पहिले, मग मध्यप्रांत-वऱ्हाडात वीसेक वर्षे नोकरी. ही हुशारीची कहाणी आपल्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की मी ती एका वाक्यात उरकतो. माझे कुतूहल 1939 नंतरच्या देशमुखांविषयी आहे. त्या वर्षी ते रिझर्व्ह बँकेत आले, 1941 साली डेप्युटी गव्हर्नर झाले आणि जेम्स टेलर वारल्यावर 11 ऑगस्ट 1943 पासून पहिले भारतीय गव्हर्नर.

तेव्हा महायुद्ध ऐन भरात होते. ब्रिटन हिंदुस्थानातून कापड, ताग, तंबू, धान्य, सगळे उचलत होता आणि इथल्या फौजांवर खर्च करीत होता. पैसे मात्र इथे द्यायचा नाही. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर तेवढे पौंड जमा करायचा. आणि कायदा असा की बँकेपुढे पौंड आले की ते ठरलेल्या दराने, म्हणजे पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै या हिशेबाने, घेतलेच पाहिजेत आणि त्या बदल्यात इथे रुपये दिलेच पाहिजेत. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला कोणी सांगावे की माल मी नेतो, पैसे माझ्याच घरच्या वहीत तुझ्या नावे लिहितो, आणि तोवर तू आपल्या नोकरांचे पगार चिठ्ठ्या छापून भागव. तसाच हा प्रकार. युद्धाच्या सुरुवातीला देशात सुमारे 180 कोटींच्या नोटा होत्या. युद्ध संपताना त्या 1,100 कोटींच्या वर गेल्या. माल बाहेर आणि नोटा आत, म्हटल्यावर भाव भडकणारच. मुंबईत 1943 मध्ये रेशनिंग आले. आजोबा त्या रांगांत उभे राहिले. बंगालमध्ये तर माणसे रांगेपर्यंतसुद्धा पोहोचली नाहीत.

दुसऱ्या बाजूला लंडनमधली रक्कम फुगत गेली. शतकभर कर्जदार असलेला देश जुने पौंडातले कर्ज फेडून सावकार झाला; 1946 च्या सुमारास येणे सतराशे कोटी रुपयांच्या वर, म्हणजे जवळजवळ 130 कोटी पौंड होते. 1944 च्या बॉम्बे प्लॅनमध्ये आपल्या उद्योगपतींनी त्यातले हजार कोटी यंत्रसामग्रीसाठी धरूनही टाकले.

पण कर्जदार साम्राज्य असले की वसुलीची तऱ्हा निराळी असते. आम्ही तुमचे रक्षण केले, त्याचे पैसे वळते करा, असा चर्चिलच्या गोटातला सूर. कुणी म्हणे हिंदुस्थानने माल महाग विकला. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञालाही ही रक्कम जशीच्या तशी फेडणे ब्रिटनला झेपणार नाही असेच वाटे. शिवाय ताग आणि चहा विकून आपण मिळवलेले डॉलर लंडनच्या सामाईक गंगाजळीत जात. म्हणजे आपल्या पौंडांनी माल घ्यायचा तो मुख्यतः ब्रिटनकडून, आणि ब्रिटनच्या दुकानात तेव्हा फळ्या रिकाम्या.

जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्सला गेलेल्या हिंदी शिष्टमंडळात देशमुख होते. ए. डी. श्रॉफ यांनी या येण्याचा प्रश्न तिथे मांडला. नव्या नाणेनिधीने यातला निदान काही भाग डॉलरमध्ये बदलून द्यावा, अशी मागणी होती. ती फेटाळली गेली. हा तुमचा आणि ब्रिटनचा आपसातला मामला, असे ठरले. पुढे डिसेंबर 1945 मध्ये अमेरिकेने ब्रिटनला 375 कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्या करारातही सावकार देशांनी आपले येणे काही प्रमाणात सोडावे अशी अपेक्षा गोवलेली होती.

इथे बँकेतल्या माणसाला दिसते ते असे: हे पौंड म्हणजे नुसती उधारी नव्हती, ते आपल्या नोटांचे तारण होते. त्यांना कात्री लागली असती तर आजोबांच्या पेटीतल्या नोटेखालची जमीनच सरकली असती. मूळ रकमेला अखेर कात्री लागली नाही, हे गव्हर्नर आणि त्यांच्या बाजूने वाटाघाटींना बसलेल्यांचे यश मी मोठे मानतो. 14 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, पहिला करार झाला. 116 कोटी पौंडांचे येणे मान्य झाले, पण बहुतेक रक्कम गोठवलेल्या खात्यात. हाती आले ते 6.5 कोटी. 1948 मध्ये त्यातूनच 10 कोटी पौंड ब्रिटिश फौजांनी इथे टाकलेल्या सामानाचे आणि 16.8 कोटी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनपोटी वळते झाले. साहेब घरी गेला, त्याचे पेन्शन आपण एकरकमी भरले! सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनने पौंडाची किंमत 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणली, तेव्हा उरलेल्या येण्याचीही डॉलरमधली किंमत एका रात्रीत तीस टक्क्यांनी उतरली. त्याच्याआधी, जूनअखेरीस, देशमुख गव्हर्नरपदावरून उतरले होते.

माझा हिशेब मात्र एका ठिकाणी अडतो. 1943 च्या ऑगस्टमध्ये, बंगालमध्ये माणसे मरत असताना, त्यांनी ती खुर्ची घेतली आणि नोटांवर सही केली. कायद्यापुढे बँकेचा इलाज नव्हता, हे खरे. दुसरा कोणी बसला असता तर त्यानेही सहीच केली असती, हेही खरे. पण राजीनामा देता येतो हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही, कारण पुढे त्यांनीच तो दिला. 1950 पासून ते केंद्राचे अर्थमंत्री होते, 1952 साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक त्यांच्याच काळात, 1955 मध्ये झाली. जानेवारी 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि शहरात गोळीबार झाला. देशमुखांनी चौकशी मागितली, ती मिळाली नाही. जुलैमध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि नेहरूंच्या कारभाराच्या पद्धतीवर लोकसभेत स्पष्ट बोलले.

आमच्या चाळीत त्यानंतर देशमुखांचे नाव आदराने घेतले जाई, असे वडील सांगत. आजोबा त्यात नसत म्हणे. त्यांना 1943 आठवे. रांगेत चार तास उभे राहून मिळालेला तांदूळ किडका निघाला होता आणि खिशात नोटा मात्र पूर्वीपेक्षा जास्त होत्या. 2 ऑक्टोबर 1982 ला देशमुख हैदराबादला वारले, तेव्हा आजोबा हयात होते. त्यांनी पेपरातली बातमी शेवटपर्यंत वाचली, घडी केली आणि मला विचारले की त्या पौंडांचे पुढे काय झाले. मी बँकेतला, मला माहीत असायला हवे होते.