शत्रू नव्हे, सूर्य!

जेम्स स्टॅनली या इंग्रज शास्त्रज्ञाचे आडनाव 'हे' असे होते. त्यांचा जन्म १९०९ साली झाला. मँचेस्टर विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून ते शाळेत शिक्षक झाले. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. पुढच्याच वर्षी स्टॅनली लष्कराच्या संशोधन विभागात गेले. तेथे सहा आठवड्यांच्या वर्गात त्यांनी रेडिओविद्येचे शिक्षण घेतले.

त्या काळी शत्रूची विमाने रडारने शोधत. रडार आकाशात रेडिओ लहरी सोडते. त्या विमानावर आदळून परत येतात व विमान कोठे आहे ते समजते. पण शत्रूनेही तशाच लहरी सोडल्या, तर रडारचा गोंधळ उडतो. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मन युद्धनौका असाच गोंधळ उडवून इंग्लिश खाडीतून निसटल्या. असे अडथळे शोधण्याचे काम स्टॅनली यांच्याकडे आले.

पंधरा दिवसांनी, २७ व २८ फेब्रुवारीला, अनेक केंद्रांवरील रडारमध्ये जोरदार खरखर सुरू झाली. यंत्रे जणू बहिरी झाली. सर्वांना शत्रूचा संशय आला; पण हल्ला झालाच नाही. स्टॅनली यांनी सगळ्या केंद्रांचे अहवाल ताडून पाहिले. अडथळा फक्त दिवसा येत होता. दूरदूरच्या केंद्रांवर त्याची दिशा एकच होती, आणि ती सूर्याबरोबर सरकत होती! त्यांनी ग्रिनिचच्या वेधशाळेत चौकशी केली. सूर्यबिंबाच्या मध्याजवळ तेव्हा सौरडागांचा मोठा समूह आला होता. म्हणजे त्या लहरी सूर्याच्याच होत्या.

काही जाणकारांना ही गोष्ट पटेना. इतकी वर्षे रेडिओ वापरात असून ती कोणालाच कशी कळली नाही, अशी त्यांना शंका होती. पण स्टॅनली आपल्या निरीक्षणावर ठाम राहिले. युद्धामुळे हा शोध गुप्त ठेवावा लागला. १९४६ साली तो जगापुढे आला.

सूर्याभोवती अतिशय विरळ व तप्त वायूचे आवरण असते. त्याला प्रभामंडल म्हणतात. खग्रास ग्रहणाखेरीज ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. स्टॅनली यांना सापडलेल्या लांब रेडिओ लहरी या प्रभामंडलातूनच येतात. त्यामुळे त्याच्या अभ्यासाची नवी वाट खुली झाली.

पुढे शास्त्रज्ञांनी रडारच सूर्याकडे वळवले. ७ एप्रिल १९५९ रोजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून सूर्याकडे रेडिओ लहरी सोडण्यात आल्या. प्रभामंडलावरून उलटून त्या सुमारे साडेसोळा मिनिटांनी पृथ्वीवर परतल्या. हा प्रतिध्वनी फार क्षीण होता. तो संगणकाच्या साह्याने शोधून काढावा लागला.

स्टॅनली यांचे २००० साली निधन झाले. इतरांनी जी खरखर शत्रूची मानली, तिचे खरे कारण त्यांनी धीराने शोधले. म्हणूनच युद्धाच्या धामधुमीतही सूर्याविषयी नवे ज्ञान जगाला मिळाले.